वही नसलेलं दडपण

यवतमाळ जिल्ह्यात राजूर नावाची दोन गावं मला ठाऊक आहेत. एक वणी तालुक्यातलं. आसपासची माणसं त्याला ‘राजूर कॉलरी’ म्हणतात, कारण गावाची ओळख कोळशाच्या खाणीनं घडवली. माजरीहून निघालेली रेल्वेची शाखा इथवर आली ती कोळशासाठी. कोळशाच्या जोडीला या भागात चुनखडीही निघते, म्हणून चुन्याच्या भट्ट्या आल्या. काळा दगड आणि पांढरा दगड, दोन्हींवर इथल्या घरांच्या चुली पेटल्या. दुसरं राजूर कळंब तालुक्यातलं, कापसाच्या पट्ट्यातलं. त्याचं नाव जानेवारी २०१९ मध्ये महाराष्ट्रभर छापून आलं. तिथल्या वैशाली येडे यवतमाळच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या उद्घाटक झाल्या होत्या. अंगणवाडीत मदतनीस असलेल्या या बाईंच्या शेतकरी नवऱ्यानं २०११ मध्ये आत्महत्या केली होती.

पहिल्या राजुराच्या पट्ट्यात रोज काहीतरी दाबावं लागतं. रस्त्यावरची धूळ, ढिगाऱ्यातली उष्णता, बंद बोगद्यातली आग. दुसऱ्या राजुराची बाई ज्या मंचावर बोलायला उभी राहिली, त्या मंचावरून काही दिवस आधी एका लेखिकेचा आवाज दाबला गेला होता. खाणीचा अभियंता धूळ दाबतो, डॉक्टर विषाणू दाबून ठेवतात, शेतकरी तण आणि अळी दाबतो, सत्ता माणसं दाबते, आणि माणूस स्वतःचं दुःख दाबतो. या सगळ्यांची कामं इतकी वेगळी आहेत की ती एका लेखात आणू नयेत असं वाटावं. मी ती मुद्दाम आणतो आहे. यातली काही कामं माणसाचा जीव वाचवतात, काही जीव घेतात, आणि दोन्हींतला फरक ओळखायची एक साधी कसोटी राजूरच्या कोळशात सापडते. जिथे दडपण्याचं काम प्रामाणिकपणे होतं, तिथे त्याची वही असते. काय दाबलं, किती दाबलं, किती काळ टिकेल आणि पाहायला कोण जबाबदार, हे त्या वहीत लिहिलेलं असतं. जिथे वही नाही, तिथे दडपणाऱ्याला काहीतरी लपवायचं आहे असं समजावं.

थेंब आणि कण

वर्धा नदीच्या खोऱ्यातला हा कोळसा नवा शोध नव्हे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या ह्यूज यांनी या कोळसाक्षेत्रावरचा सविस्तर ग्रंथ १८७७ मध्येच लिहिला. १९७३ मध्ये देशातल्या उरलेल्या बहुतेक खासगी कोळसाखाणींचं राष्ट्रीयीकरण झालं, १९७५ मध्ये कोल इंडिया आली आणि हा पट्टा नागपूरहून कारभार चालवणाऱ्या वेस्टर्न कोलफिल्ड्सकडे गेला. जमिनीखालच्या खाणींच्या जोडीला प्रचंड उघड्या खाणी आल्या. उघडी खाण म्हणजे टिप्परांच्या रांगा, आणि टिप्परांच्या रांगा म्हणजे धूळ.

धुळीबद्दल पहिली गोष्ट समजून घ्यायची ती अशी, की डोळ्यांना दिसणारी धूळ त्रास देते, पण फुप्फुस खाते ती न दिसणारी. मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन. दहा मायक्रॉनपेक्षा मोठे कण बहुतेक नाकात आणि घशात अडकतात, खाकरून बाहेर पडतात. पाच मायक्रॉनच्या खालचे कण थेट फुप्फुसाच्या शेवटच्या फुग्यांपर्यंत उतरतात आणि तिथेच राहतात. वर्षानुवर्षं कोळशाची धूळ साचली की न्यूमोकोनिओसिस होतो. दगडात छिद्रं पाडताना उडालेली सिलिका गेली की सिलिकोसिस होतो. दोन्ही आजारांवर औषध नाही. म्हणून दोन्ही आजार कायद्यानं कळवण्याजोगे मानले आहेत. खाणकामगाराला असा आजार आढळला तर तो सरकारला कळवावाच लागतो.

धूळ दाबायचा उपाय म्हणजे पाणी. टँकर रस्त्यावर पाणी मारतात, कोळसा फोडायच्या आणि गाडीत भरायच्या जागी फवारे लावतात, छिद्रं पाडताना ड्रिलमधूनच पाणी सोडतात, ट्रकवर ताडपत्री बांधतात. ऐकायला सोपं आहे, पण त्यात विज्ञान आहे. पाण्याचा थेंब कणापेक्षा फारच मोठा असला तर थेंबाच्या भोवतीनं वळणारी हवा त्या बारीक कणाला बाजूला घेऊन जाते. थेंब खाली पडतो आणि कण हवेतच राहतो. बारीक कण पकडायला जवळपास तेवढाच बारीक थेंब लागतो, म्हणजे धुक्यासारखा फवारा. टँकरच्या मागून धो धो पडणारं पाणी रस्ता भिजवतं, डोळ्यांना बरं वाटतं, पण हवेत आधीच उडालेली घातक धूळ त्यानं फारशी खाली बसत नाही.

दुसरी अडचण ऊन. या भागात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. सकाळी भिजवलेला रस्ता थोड्याच वेळात कोरडा होतो. म्हणून काही ठिकाणी पाण्यात कॅल्शियम क्लोराइड किंवा मॅग्नेशियम क्लोराइडसारखे ओल धरून ठेवणारे क्षार मिसळतात. तिसरी अडचण चिखल. भिजलेली धूळ टायरला चिकटून हद्दीबाहेरच्या डांबरी रस्त्यावर येते, तिथे वाळते आणि पुढच्या गाडीबरोबर पुन्हा उडते. खाणीच्या आत बसवलेली धूळ गावाच्या दारात उठते. कागदोपत्री ती दाबलेली असते. म्हणूनच खाणीच्या वहीत टँकरच्या फेऱ्या किती झाल्या एवढं लिहून भागत नाही. हवेत कण किती उरले ते लिहावं लागतं, आणि ते खाणीत मोजून चालत नाही. गावात, शाळेच्या आवारात, रेल्वे साइडिंगच्या पलीकडच्या घरांपाशी मोजावं लागतं.

भिंतीमागची आग

धुळीचं आणखी एक रूप आहे, ते जमिनीखालच्या खाणीत दिसतं. कोळशाची भुकटी हवेत उडाली आणि तिला ठिणगी मिळाली तर ती बंदुकीच्या दारूसारखी पेटते. फ्रान्समधल्या कुरियेरच्या खाणीत १० मार्च १९०६ रोजी असाच स्फोट झाला आणि १,०९९ माणसं गेली. आपल्याकडे २८ मे १९६५ रोजी आजच्या झारखंडमधल्या ढोरीच्या खाणीत २६८ कामगार मेले. पहिल्या ठिणगीनं थोडी भुकटी पेटते, त्या धक्क्यानं पुढच्या बोगद्यातली भुकटी उडते, तीही पेटते, आणि आग बोगद्याबोगद्यांतून धावत सुटते.

यावर माणसानं शोधलेला उपाय राजूरच्या माणसाला जवळचा वाटावा असा आहे. तो म्हणजे चुनखडीची पूड. खाणीच्या भिंतींवर, छतावर, जमिनीवर ही पूड उधळून ठेवतात. छताजवळ पुडीनं भरलेल्या फळ्याही टांगतात. स्फोटाचा धक्का आला की फळ्या उलटतात, पूड कोळशाच्या भुकटीत मिसळून हवेत उडते, ज्वाळेची उष्णता शोषते आणि आगीची साखळी तोडते. काळ्या दगडाला पांढरा दगड आवरून धरतो. पण एकदा उधळलेली पूड कायमची नसते. तिच्यावर रोज नवी काळी भुकटी बसते. म्हणून ठरावीक काळानं नमुने घेऊन त्यात न जळणारा भाग किती उरला ते तपासावं लागतं आणि तारखेसकट नोंदवावं लागतं. पूड मारली हे सांगणं पुरत नाही, ती अजून पुरेशी आहे का हे सांगावं लागतं.

कोळसा तर बाहेरची ठिणगी नसतानाही पेटतो. तो हवेतला प्राणवायू शोषतो, त्यातून तापतो, उष्णता बाहेर पडायला वाट मिळाली नाही तर आतल्या आत वाढत जाते आणि एक दिवस धूर दिसतो. बोगद्यात असं झालं तर त्या भागाला भिंती घालून हवा तोडतात. आग विझत नाही, गुदमरते. भिंतीला पुन्हा फट पडली तर ती पुन्हा श्वास घेते. झरियाच्या खाणीतली आग १९१६ पासून माहीत आहे आणि तिला शतक उलटून गेलं.

खाणीच्या लोकांना हे पक्कं ठाऊक असतं, म्हणून ते भिंत घालून निघून जात नाहीत. भिंतीत एक नळी ठेवतात. तिच्यातून आतल्या हवेचा नमुना घेतात, कार्बन मोनॉक्साइड किती वाढला आणि प्राणवायू किती कमी झाला याचं गुणोत्तर काढतात, ज्याला ग्रॅहम गुणोत्तर म्हणतात, आणि नोंदवहीत लिहितात. आकडा चढू लागला की आतली आग जागी झाली असं समजतात. मला या नळीचं आणि त्या वहीचं मोल फार वाटतं. आग बंद केली आहे, पण ती आहे, हे मान्य करूनच ही व्यवस्था उभी राहिली आहे. आग नाहीच असं म्हणणारा माणूस नळी ठेवत नाही.

वावरातली मोजणी

कोळशाच्या पट्ट्यातून थोडं बाहेर पडलं की पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, सुरू होते. इथे दडपण्याची कामं वेगळी. डवरणी करून तण दाबायचं, निंदणाला बाया लावायच्या, पावसानं डवरा चालू दिला नाही की तणनाशक मारायचं. आणि अळी.

गुलाबी बोंडअळीसाठी शेतीशास्त्रानं दिलेली शिस्त खाणीच्या वहीइतकीच चोख आहे. वावरात कामगंध सापळे लावायचे. मादीच्या गंधाला भुलून नर पतंग त्यात पडतात. रोज सकाळी ते मोजायचे. सलग तीन दिवस एका सापळ्यात आठ किंवा अधिक पतंग आले तरच फवारणीचा विचार करायचा. त्याआधी फवारलं तर पैसा जातो, मित्रकीटक मरतात आणि अळी औषधाला सरावते. अळी शून्यावर आणणं हा हेतूच नाही. नुकसानीची जी पातळी सोसवते, तिच्या खाली ती ठेवणं हा हेतू आहे. दडपण्याची मर्यादा आधीच ठरलेली आहे, आणि ती ओलांडायला आकड्याची परवानगी लागते.

२०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात ही शिस्त कोलमडली. बीटी कपाशीला बोंडअळी दाद देईनाशी झाली होती. त्या वर्षी पऱ्हाटी माणसाच्या उंचीला पोचली होती, म्हणजे फवारणी करणाऱ्याच्या तोंडावर आणि डोक्यावरच औषध पडत होतं. जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत शेकडो शेतकरी आणि शेतमजूर विषबाधा होऊन दवाखान्यांत आले. एकट्या यवतमाळ जिल्ह्यात वीसहून अधिक माणसं मेली.

फवारणीतल्या मोनोक्रोटोफॉससारख्या ऑर्गॅनोफॉस्फरस औषधांचं काम दाबण्याचंच. शरीरातल्या कोलिनेस्टरेज या वितंचकाला ती दाबतात. मज्जातंतूतून आलेला संदेश पोचला की तो पुसून टाकायचं काम हे वितंचक करतं. ते दबलं की संदेश थांबतच नाही. स्नायू फडफडत राहतात, लाळ गळते, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात आणि शेवटी श्वास थांबतो. अळीच्या अंगात हेच घडतं, माणसाच्या अंगातही हेच घडतं. विदर्भात कीटकनाशकाला औषध म्हणतात. त्या औषधाला अळी आणि माणूस यांच्यात फरक कळत नाही.

इथेही वही असायला हवी होती, आणि कायद्यानं ती सांगितलेली होती. कीटकनाशकांच्या १९७१ च्या नियमांत हे काम करणाऱ्या माणसांची वैद्यकीय तपासणी आणि ऑर्गॅनोफॉस्फरसशी संबंध येणाऱ्यांच्या रक्तातल्या कोलिनेस्टरेजची ठरावीक काळानं मोजणी सांगितली आहे. रक्ताच्या एका चाचणीनं कळतं की या माणसाच्या अंगात विष साचू लागलं आहे, त्याला आता फवारणीवरून उठवा. पण रोजंदारीवर पाठीला पंप बांधणाऱ्या मजुराचं रक्त कोण तपासणार? राज्य सरकारनं नेमलेल्या विशेष चौकशी पथकाच्या अहवालातही ही चाचणी होत नसल्याची नोंद झाली. मृत्यूंनंतर मात्र चर्चा बराच काळ एकाच गोष्टीवर फिरत राहिली: शेतकऱ्यानं मास्क का घातला नव्हता. पतंग मोजायला वही होती. माणसाच्या रक्तासाठी ती नव्हती.

देह आणि मन

वैद्यकात दडपण्याला वाईट अर्थ नाही. उलट कित्येक आजारांत तोच उपचार आहे. प्रत्यारोपण केलेली किडनी टिकवायला शरीराची प्रतिकारशक्ती आयुष्यभर दाबून धरावी लागते. एचआयव्हीचा विषाणू शरीरातून हाकलता येत नाही, पण दाबता येतो. भारतात १ एप्रिल २००४ पासून सरकारी केंद्रांत त्याला दाबणारी, एआरटी म्हणून ओळखली जाणारी औषधं मोफत मिळू लागली. रोज गोळी घेणाऱ्या माणसाच्या रक्तात एका मिलिलिटरमागे विषाणूंच्या प्रती हजाराच्या खाली आल्या की विषाणू दबला असं मानतात. मोजणीत सापडूच नयेत इतक्या त्या कमी झाल्या की लैंगिक संबंधातून तो दुसऱ्याला जात नाही. गोळी थांबली की पेशींत दडून बसलेला विषाणू परत येतो. म्हणून रुग्णाला कार्ड असतं, तारखा असतात, ठरावीक काळानं विषाणूभार मोजला जातो. दडपण आहे, त्याची कबुली आहे आणि त्याचा आकडा रुग्णाच्याच हातात आहे. जगातल्या कोट्यवधी माणसांचं आयुष्य या दडपण्यानं परत मिळवून दिलं आहे.

खोकल्याचं तसं नाही. खोकला म्हणजे फुप्फुसानं स्वतःला झाडणं. धुळीत काम करणाऱ्या माणसानं खोकला थांबवणारं सिरप घेतलं तर रात्री झोप लागते, पण झाडणं थांबतं आणि इशाराही थांबतो. कित्येक महिन्यांचा खोकला औषधाच्या दुकानातल्या बाटलीनं दबलेला असतो आणि छातीचा एक्स-रे निघतच नाही. दाबायचा असेल तर आधी तो कशामुळे येतो ते पाहावं लागतं.

मनाचं शास्त्रही हेच सांगतं, पण जरा वेगळ्या वाटेनं. फ्रॉइडनं नकळत होणाऱ्या दमनावर आपलं शास्त्र उभारलं. नंतरच्या मानसशास्त्रानं जाणूनबुजून केलेलं आवरणं वेगळं काढलं: आत्ता हे दुःख बाजूला ठेवतो, पेरणी झाली की त्याच्याकडे बघेन, असं स्वतःशी ठरवणं. ते निरोगी आहे, कारण त्याला मुदत आहे. मुदत नसलेल्या दाबण्याचं काय होतं ते डॅनियल वेग्नर यांनी १९८७ मध्ये दाखवलं. काही विद्यार्थ्यांना त्यांनी सांगितलं की पांढऱ्या अस्वलाचा विचार अजिबात करू नका, आणि विचार आलाच तर घंटी वाजवा. घंट्या वाजत राहिल्या. नंतर बंदी उठवल्यावर याच विद्यार्थ्यांच्या मनात, पहिल्यापासून मोकळीक मिळालेल्यांपेक्षा, ते अस्वल अधिक वेळा आलं.

विदर्भातल्या ज्या घरात कर्त्या पुरुषानं विष घेतलं, त्या घरातल्या बाईला हे कुठल्या प्रयोगातून शिकावं लागत नाही. तिला रडायला वेळ नसतो. पंचनामा, तलाठी, बँक, सावकार, सासर, मुलांची शाळा. तिचं दुःख लोक ‘खंबीर आहे’ या कौतुकाखाली दाबून टाकतात आणि त्याला मुदत कोणीच देत नाही. श्याम पेठकर यांनी लिहिलेल्या आणि हरीश इथापे यांनी बसवलेल्या ‘तेरवं’ या नाटकात अशा बाया स्वतः रंगमंचावर उभ्या राहिल्या आणि बोलल्या. वैशाली येडे त्यांच्यातल्याच एक.

वणीचे अणे

राजूर कॉलरीहून अगदी जवळच्या वणीत २९ ऑगस्ट १८८० रोजी माधव श्रीहरी अणे जन्मले. पुढे यवतमाळला वकिली करताना ते वऱ्हाडच्या राजकारणाचे पुढारी झाले, लोकनायक बापूजी अणे म्हणून ओळखले गेले. १९३० मध्ये मिठाचा सत्याग्रह देशभर पेटला, पण वऱ्हाडला समुद्र नाही. इथे लोकांच्या गळ्याला लागलेला फास होता तो जंगल कायद्याचा. १९२७ च्या कायद्यानं राखीव जंगलातलं गवत कापणं गुन्हा ठरत होतं. ज्या रानात आजोबांनी गुरं चारली, तिथे नातवाला परवाना लागू लागला. १० जुलै १९३० रोजी पुसदला अणे यांनी राखीव जंगलातलं गवत कापून कायदा मोडला. त्यांना अटक झाली, शिक्षा झाली. मग जिल्ह्यात ठिकठिकाणी माणसं विळे घेऊन रानात गेली.

ते परकं राज्य होतं आणि दडपणूक उघड होती. पण तिच्यात एक गोष्ट होती. कायद्याला कलम होतं, अटकेला हुकूम होता, हुकमावर सही होती, खटला कोर्टात चालत होता. कोणी दाबलं, कशासाठी, किती महिने, हे कागदावर होतं. म्हणून त्याला कागदावर आणि रस्त्यावर उत्तरही देता आलं. आणीबाणीतही सेन्सॉरशिपचा हुकूम होता, कात्री लावणारा अधिकारी होता. डिसेंबर १९७५ मध्ये कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्ष दुर्गा भागवत यांनी यशवंतराव चव्हाणांसारखे केंद्रीय मंत्री समोर असताना लेखनस्वातंत्र्याचा मुद्दा मांडला आणि आजारी जयप्रकाश नारायणांसाठी प्रार्थना करायला सभेला उभं केलं. पुढे त्यांना अटक झाली. त्यांच्याविरुद्ध उभी असलेली सत्ता अक्राळविक्राळ होती, पण तिला चेहरा होता.

यवतमाळ, जानेवारी २०१९

९२ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन ११ ते १३ जानेवारी २०१९ या काळात यवतमाळला भरलं. अध्यक्ष अरुणा ढेरे. उद्घाटनासाठी नयनतारा सहगल यांना बोलावलं होतं. नव्वदी ओलांडलेली लेखिका, इंग्रजीत लिहिणारी, पण वडिलांकडून मराठी. रणजित सीताराम पंडित हे तिचे वडील. ‘राजतरंगिणी’चं इंग्रजी भाषांतर करणारे पंडित इंग्रजांच्या तुरुंगात आजारी पडले आणि १९४४ मध्ये गेले. २०१५ मध्ये सहगल यांनी देशातल्या वाढत्या असहिष्णुतेच्या निषेधार्थ साहित्य अकादमीचा पुरस्कार परत केला होता.

इंग्रजी लेखिका मराठी संमेलनाची उद्घाटक कशी, असा आक्षेप एका राजकीय पक्षाच्या स्थानिक पदाधिकाऱ्यानं घेतला आणि संमेलन उधळण्याचा इशारा दिला. आयोजकांनी सहगल यांना निमंत्रण मागे घेतल्याचं कळवलं. त्या पक्षाचे प्रमुख राज ठाकरे यांनी आपला विरोध नसल्याचं नंतर जाहीर केलं. साहित्य महामंडळाचे अध्यक्ष श्रीपाद भालचंद्र जोशी यांनी राजीनामा दिला. अनेक लेखकांनी संमेलनाकडे पाठ फिरवली, आणि अरुणा ढेरे यांनी अध्यक्षपदावरूनच या प्रकाराचा निषेध केला. सहगल यांचं न झालेलं भाषण मराठीत छापलं गेलं आणि गावोगाव वाचलं गेलं. मंचावरून झालं असतं तर ते इतक्या लोकांपर्यंत पोचलं असतं का, याची मला शंका आहे.

या घटनेतली सर्वांत गंभीर बाब मला वेगळी वाटते. सहगल यांच्यावर बंदी कोणीच घातली नव्हती. हुकूम नव्हता, कलम नव्हतं, सही नव्हती. इशारा देणाऱ्याच्या पक्षाचा विरोध नव्हता, सरकारनं आपण काही केलं नाही म्हटलं, आयोजकांनी सुरक्षिततेचं कारण सांगितलं. प्रत्येकाचे हात स्वच्छ आणि लेखिका घरी. अणे यांच्यासमोर कलम होतं, दुर्गाबाईंसमोर सेन्सॉर होता. सहगल यांनी अपील कुणाविरुद्ध करायचं? भीतीनं केलेल्या दडपणाची वही नसते, आणि म्हणूनच ते सगळ्यांत सोयीचं असतं. भिंत तर घातली जाते, पण तिच्यात नळी कोणी ठेवत नाही.

मग उद्घाटनासाठी वैशाली येडे यांचं नाव पुढे आलं. एका आवाजाची जागा दुसऱ्या आवाजानं भरून काढायची ही तडजोड आहे, असं त्या वेळी पुष्कळांनी म्हटलं. त्यात तथ्य होतं. पण राजूरच्या या बाईंनी त्या मंचाचा उपयोग शोभेसाठी होऊ दिला नाही. मेलेल्या शेतकऱ्यामागे जिवंत राहिलेल्या बाईला समाज कसा वागवतो, यावर त्या बोलल्या. त्याच वर्षी यवतमाळ-वाशीम मतदारसंघातून त्यांनी लोकसभेची निवडणूकही लढवली. निवडून आल्या नाहीत, पण ज्या प्रश्नावर सहानुभूती दाखवून पुढे जायची रीत होती, तो प्रश्न त्यांनी मतपत्रिकेवर आणला.

पात्र आणि अपात्र

दडपण्याचं आणखी एक रूप सरकारी फायलीत राहतं, आणि ते आकड्यांचं आहे. शेतकऱ्यानं आत्महत्या केली की २००६ पासूनच्या नियमांप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीपुढे प्रकरण जातं. सातबारा त्याच्या किंवा कुटुंबाच्या नावे आहे का, कर्ज मान्यताप्राप्त संस्थेचं आहे का, वसुलीचा तगादा होता का, हे पाहून समिती प्रकरण ‘पात्र’ किंवा ‘अपात्र’ ठरवते. पात्र ठरलं तर कुटुंबाला एक लाख रुपये मिळतात. अपात्र ठरलं तर मदत नाही.

कर्ज सावकाराचं असलं की कागद नसतो. वावर मक्त्याचं असलं की सातबारा नसतो. पेरणीपासून वेचणीपर्यंत शेतात राबणाऱ्या बाईच्या नावे तर बहुतेक वेळा काहीच नसतं, म्हणून ती मेली तर ती शेतकरी नसतेच, गृहिणी असते. मृत्यू घडलेला असतो, पंचनामा झालेला असतो, पण शेतीच्या संकटाच्या वहीत त्याची नोंद होत नाही. यात कुणी खोटं बोलत नाही. फक्त निकष असे आखले आहेत की मोजणी आपोआप कमी होते. धुळीच्या मोजणीचं यंत्र वाऱ्याच्या उलट्या बाजूला ठेवलं तर हवा स्वच्छ दिसते, तसंच हे.

१९ मार्च १९८६ रोजी यवतमाळ जिल्ह्यातल्या चिलगव्हाणचे साहेबराव करपे यांनी पत्नी आणि चार मुलांसह जीवन संपवलं. दरवर्षी त्या दिवशी अन्नत्याग करून शेतकरी आणि त्यांचे मित्र त्यांची आठवण ठेवतात. ही नोंद लोकांनी ठेवली. २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले, सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर झालं, ते या साचलेल्या नोंदी दाबता येईनाशा झाल्या म्हणून.

वही मागण्याचा हक्क

दडपणं वाईट, असा निष्कर्ष काढला तर तो राजूरच्या माणसाला पटणार नाही, आणि मलाही नाही. धूळ दाबलीच पाहिजे. खाणीतली आग गुदमरवलीच पाहिजे. विषाणू रोजच्या गोळीनं खाली ठेवलाच पाहिजे. या कामांत माणसानं मिळवलेलं कौशल्य मोठं आहे आणि त्यासाठी पुष्कळ माणसं मेली आहेत. पण या कौशल्याच्या मुळाशी एक नम्रता आहे. आपण जे दाबलं ते संपलेलं नाही, हे खाणीतला माणूस आणि चांगला डॉक्टर कधी विसरत नाही. म्हणून तो मोजत राहतो.

हाच नियम बाकी सगळीकडे लावायची मागणी आपण करायला हवी, आणि ती अवघड नाही. कोळशाच्या पट्ट्यातल्या प्रत्येक गावात हवेतल्या बारीक कणांचा आकडा रोज ग्रामपंचायतीच्या फलकावर मराठीत लिहिला जावा, आणि मोजणारं यंत्र गावकऱ्यांनी दाखवलेल्या जागी बसावं. खाणीतून आणि चुनाभट्टीतून निवृत्त झालेल्या माणसाच्या छातीचा एक्स-रे त्याच्या नोकरीबरोबर संपू नये, कारण हा आजार निवृत्तीनंतरही वाढतो. फवारणीचा हंगाम सुरू होण्याआधी आणि मध्यावर मजुराच्या रक्तातलं कोलिनेस्टरेज मोजण्याची सोय तालुक्याच्या दवाखान्यात असावी. शेतकऱ्याच्या आत्महत्येचं प्रकरण अपात्र ठरलं तरी त्याचं कारण लेखी आणि जाहीर असावं, आणि शेतात राबणाऱ्या बाईचा मृत्यू शेतकऱ्याचा मृत्यू म्हणून मोजला जावा. एखाद्या लेखकाला, वक्त्याला, नाटकाला थांबवायचं असेल तर थांबवणाऱ्यानं स्वतःच्या नावानं, सहीनं आणि कारणासकट थांबवावं, म्हणजे त्याला कोर्टात आणि लोकांत उत्तर देता येईल.

सही करायला जो तयार नाही, त्याच्या दडपणाला आपण मान देऊ नये. अणे यांच्या मागे विळे घेऊन गेलेल्या माणसांना निदान समोर कोण उभा आहे हे दिसत होतं. तेवढं दिसण्याचा हक्क आपणही सोडू नये. जी सत्ता, जी कंपनी, जी संस्था किंवा जो समाज काहीतरी दाबून ठेवतो आहे, त्याला पहिला प्रश्न हाच विचारायचा: तुमची वही कुठे आहे? आणि वही नाही असं उत्तर आलं, तर ती आपण ठेवायला घ्यायची. चिलगव्हाणची तारीख लोकांनी जपली, सहगल यांचं भाषण लोकांनी छापलं आणि वाचलं, ‘तेरवं’मधल्या बायांनी आपली नोंद स्वतः उभं राहून केली. या जिल्ह्याला ते काम येतं.